14 हजारांचे 10 हजार होतात कसे?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत पॅकिंगला आहे. ठेकेदार पगार 14,000 सांगतो, पावतीवरही तोच आकडा आहे. पीएफ, ईएसआय (कामगार विमा) आणि 'टॅक्स' कापून हातात 10,335 येतात. हिशेब बरोबर आहे का? (घणसोलीच्या एक ताई)

उत्तर : नाही. पूर्ण 14,000 वर पीएफ धरला तरी तुमचे 12 टक्के म्हणजे 1,680 आणि ईएसआयचे 0.75 टक्के म्हणजे 105. हातात 12,215 पडायला हवेत. कमी पडतात 1,880. यातले 1,680 हा ठेकेदाराचा स्वतःचा पीएफचा वाटा, तो तुमच्याच खिशातून भरला जातोय. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. 'सीटीसीच (मालकाच्या वाट्यासकट एकूण खर्च) 14,000 ठरली होती' हे ठेवणीतलं उत्तर, पण पावतीवर पगार 14,000 असेल तर ते टिकत नाही.

राहिले 200. तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात एप्रिल 2023 पासून महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. पुरुषाला लागतो तसाच तुम्हालाही लावून टाकलाय. मागचे सगळे महिने धरून परत मागा.

मग यूएएन (तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक) टाकून पीएफचं पासबुक उघडा. दर महिन्याला तुमचे 1,680 आणि मालकाच्या 1,680 पैकी पीएफचे 514 व पेन्शनचे 1,166 दिसले पाहिजेत. कापतात आणि भरतच नाहीत, हा प्रकार ठेकेदारीत नेहमीचा. न भरलेली रक्कम, जिथे तुम्ही काम करता त्या मूळ कंपनीकडूनही वसूल होते, म्हणून पीएफ कार्यालयाकडे तक्रार करताना ठेकेदार आणि कंपनी अशी दोन्ही नावं घाला. पावत्यांचे फोटो आधी काढून ठेवा, तक्रारीनंतर पावती मिळेलच असं नाही.

प्रश्न : वागळे इस्टेटला सिक्युरिटीत आहे. रोज 12 तास, महिन्याला 26 ड्युट्या, पगार 15,600. ओव्हरटाइम विचारला तर एजन्सी म्हणते, पगार 12 तासांचाच आहे.

उत्तर : त्यांचं म्हणणं मान्य करून हिशेब मांडू. 8 तासांवरचे 4 तास दुप्पट दराने, म्हणजे रोजचे 12 तास पगाराच्या दृष्टीने 16 तास होतात. 26 दिवसांचे 416. 15,600 ला 416 ने भागा, तासाला साडेसदतीस रुपये. म्हणजे 8 तासांचे 300 आणि महिन्याचे 7,800. दुकाने व आस्थापनांतल्या अकुशल कामगाराचं राज्याचं किमान वेतनसुद्धा याच्या बरंच वर आहे. एजन्सीचं उत्तरच तिच्या अंगलट येतं. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, तो ताजा दर शोधून हा हिशेब हजेरीपटाच्या फोटोसह ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात द्या. एकट्याने जाण्यापेक्षा पाच-सहा जणांनी सह्या करून गेलेलं बरं.

प्रश्न : रेशनकार्ड बीडला, मी तुर्भ्याला. इथला दुकानदार 'तुमचं कार्ड इथलं नाही' म्हणून परत पाठवतो.

उत्तर : कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी 5 किलो धान्य देशात कुठल्याही रेशन दुकानात मिळतं, फुकट. गावी घरचे त्यांचा वाटा घेतील, तुम्ही तुमचा इथे. नाव आधारशी जोडलेलं आणि ई-केवायसी झालेली हवी. बहुतेक वेळा अडतं ते इथेच. सिमेंट-केमिकलच्या कामाने बोटांचे ठसे झिजतात, मशीन घेत नाही. तेव्हा डोळ्यांचं स्कॅन किंवा ओटीपी मागा. तरी नकार आला तर दुकानाचा क्रमांक टिपून शिधावाटप कार्यालयात लेखी द्या.

प्रश्न : ठाणे ते तुर्भे लोकलचा पास दर महिन्याला काढतो. यात काही वाचेल?

उत्तर : तीन महिन्यांचा पास मासिकच्या 2.7 पटीत पडतो, सहा महिन्यांचा 5.4 पटीत. म्हणजे दहावा हिस्सा वाचतो. अडचण एकरकमी पैशाची, म्हणून पहिला तिमाही पास दिवाळीच्या बोनसमधून काढा.