मराठीत एक शब्द, इंग्रजीत दोन: वाचकांचे प्रश्न

इंग्रजीतल्या कुठल्या जोड्या तुम्हाला अडवतात असं मागच्या अंकात विचारलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतेय. बहुतेक जोड्या अशा आहेत की जिथे आपलं मराठीत एका शब्दात भागतं आणि इंग्रजीवाले दोन वापरतात, आणि गडबड तिथेच होते.

प्रश्न: ताई, बार्शीत माझं वह्या-पेनं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. नवीन बोर्ड करायला टाकलाय, पेंटर म्हणतो स्टेशनरीच्या शेवटी ए-आर-वाय, मुलगी म्हणते ई-आर-वाय. लवकर सांगा.

मुलगी बरोबर आहे, बोर्ड तिच्याकडूनच तपासून घ्या. ए-आर-वायवाला शब्द म्हणजे एका जागी थांबलेलं, न हलणारं, सिग्नलला उभी असलेली गाडी वगैरे. उच्चार जवळपास सारखाच, त्यामुळे कानाने काही कळत नाही. खरं तर मूळ दोन्हींचं एकच आहे, जुन्या काळी युरोपात पुष्कळ विक्रेते माल घेऊन गावोगाव फिरायचे, आणि विद्यापीठांच्या आसपास जे एका जागी दुकान मांडून पुस्तकं विकायचे त्यांना स्टेशनर म्हणायला लागले. लंडनमध्ये १४०३ सालीच त्यांचा संघ झाला, १५५७ मध्ये राजसनदही मिळाली. स्टेशनरच्या शेवटी ई-आर येतं, तो विकतो ती स्टेशनरी, म्हणून तिच्यातही ई. एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

प्रश्न: वेळासजवळ आमचा होमस्टे आहे. कासव महोत्सवाला बाहेरचे लोक येतात म्हणून इंग्रजी बोर्ड लावायचाय. टॉरटॉइज लिहू की टर्टल? डिक्शनरीत दोन्हीला कासवच दिलंय.

टर्टलच लिहा! आणि हे छान झालं की तुम्ही विचारलंत, कारण वेळासला टॉरटॉइज बघायला या असं लिहिलं तर ज्याला माहीत आहे तो बुचकळ्यात पडेल. टॉरटॉइज म्हणजे जमिनीवरचं कासव, जाडजूड खांबासारखे पाय, पाठ घुमटासारखी उंच, पाण्यात पोहणं त्याचं काम नाही. अंगावर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार टॉरटॉइज फोटोत तरी बघितलं असेल तुम्ही. तुमच्या किनाऱ्यावर येतात त्या ऑलिव्ह रिडले माद्या, त्यांना पाय असे नसतातच, चपटे लांब फ्लिपर असतात, अख्खं आयुष्य समुद्रात जातं, आणि मादी रात्री वाळूत वर येते ती फक्त अंडी घालायला. खड्डा करायचा, शंभरेक अंडी घालायची, वाळू नीट बुजवायची आणि परत पाण्यात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात तेव्हा ती सरपटत जातात तीसुद्धा फ्लिपरवरच, पर्यटकांना तेवढं दाखवलंत तरी फरक न सांगता कळेल. २००२ पासून तुमच्याकडे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी ही अंडी जपण्याचं जे काम उभं केलं त्यामुळे हे सगळं आज बघायला मिळतंय, तेही बोर्डावर दोन ओळीत जरूर लिहा. नदीतळ्यातल्या कासवालाही आपल्याकडच्या इंग्रजीत टर्टलच म्हणतात, तो प्रश्न पुढे येईलच म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

प्रश्न: एमपीएससीचा अभ्यास करतोय. पेपरात वेदरलाही हवामान आणि क्लायमेटलाही हवामान, मग उत्तरात फरक दाखवायचा कसा?

तुझी तक्रार रास्त आहे. उद्या नाशिकचा पारा किती उतरणार, दुपारी गारपीट होईल का, हे वेदर. कोकणात पावसाळा धो धो आणि माणदेश कोरडा, हे क्लायमेट, म्हणजे वर्षानुवर्षांच्या नोंदींतून निघणारं चित्र, आणि त्यासाठी सहसा निदान ३० वर्षांच्या नोंदी धरतात. पण व्याख्या पाठ करण्यापेक्षा हवामान विभागाचा मान्सूनचा अंदाज नीट वाच, त्यात सरासरीच्या इतके टक्के पाऊस असं वाक्य असतं, देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी १९७१ ते २०२० या काळावरून ८७ सेंटीमीटर काढलेली आहे. ही सरासरी क्लायमेटची आणि यंदाचा पाऊस वेदरचा, एकाच वाक्यात दोन्ही सापडतात बघ. हा फरक डोक्यात नसला की एखाद्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली की लोक लगेच म्हणतात कुठंय ते क्लायमेट चेंज, आणि त्यात त्यांचा तरी काय दोष, आपण दोन्हीला एकच शब्द दिलाय. आपल्या राज्य सरकारच्या खात्याचं नाव पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग असं आहे, तो शब्द उत्तरात वापरायला हरकत नाही, मात्र पहिल्यांदा येईल तिथे क्लायमेट असं सरळ लिहून मोकळा हो.

प्रश्न: मुलाने निबंधात रायगडाला हिस्टॉरिकल फोर्ट लिहिलं, टीचरनी कापून हिस्टॉरिक केलं. दोन्ही ऐतिहासिकच ना?

मार्क कापायला नको होते असं माझं स्पष्ट मत आहे. हिस्टॉरिकल म्हणजे इतिहासाशी संबंध असलेलं काहीही, हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात मोठं स्थान असलेलं. १६७४ चा राज्याभिषेक हिस्टॉरिक. पेशवे दफ्तरातला एखादा मोडी कागद, ज्यात कुठल्याशा कोठारातल्या धान्याचा हिशोब आहे, तो हिस्टॉरिकल, अभ्यासकाला सोन्यासारखा, पण त्याने राज्य इकडचं तिकडे झालेलं नसतं. रायगडाला हिस्टॉरिक जास्त शोभतं हे खरं, तरी हिस्टॉरिकल चूक ठरत नाही.

प्रश्न: मी आठवीत आहे. बॉरो आणि लेंड दरवेळी उलटं होतं.

मराठीत उसनं एकच, घेणं-देणं आपण नंतर जोडतो, म्हणून होतं तसं. वस्तू ज्याच्या हातातून जाते तो लेंड करतो, ज्याच्या हातात येते तो बॉरो. मैत्रिणीला म्हणायचं कॅन आय बॉरो युअर पेन, नाहीतर कॅन यू लेंड मी युअर पेन, यातलं कुठलंही चालेल. आणि जी वस्तू उचलून नेता येत नाही, म्हणजे कुणाच्या घरचं बाथरूम वगैरे, तिथे बॉरो नाही, सरळ यूज म्हण.