सारखं ‘का?’ विचारणारी मुलगी

प्रश्न: माझी मुलगी आठवीत आहे. गणिताच्या तासाला तिने ‘उणे गुणिले उणे अधिकच का येतं’ विचारलं तर सर म्हणाले नियम आहे, पाठ कर, पोर्शन मागे पडतोय. आता घरचे पण म्हणतात हिला गप्प बसायला शिकव. काय करू? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, गप्प अजिबात बसवू नका! प्रश्न एकदम रास्त आहे. तिला वहीत उतरवायला सांगा, ३ गुणिले -२ म्हणजे -६, २ गुणिले -२ म्हणजे -४, मग -२, मग ०, दरवेळी उत्तर २ ने वाढतंय ना, मग पुढची पायरी -१ गुणिले -२, तिथे +२च यायला हवं नाहीतर सगळा क्रमच मोडेल. दोन मिनिटांचं काम आहे हो. सरांना वर्गात वेळ नसेल तर तास संपल्यावर विचारू दे, पण विचारू दे.

आणि घरच्यांना बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंचं सांगा. सुरतेकडच्या एका विधवेच्या खटल्यावरून पेपरांत सगळ्या बायकांनाच नावं ठेवली जात होती, तेव्हा १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून सरळ विचारलं की जे दोष बायकांत म्हणता ते पुरुषांत नाहीत का. टीका झालीच, पण जोतिराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. घरात मुलीच्या बाजूने तुम्ही उभ्या राहा, आणि पालकसभेत सरांशीही शांतपणे बोला.