शुल्क शून्य राहिलं, तरी कारखान्यांतल्या नोकऱ्या का गेल्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, पण करारात आयातशुल्क शून्यच राहिलं. मग कारखान्यांचं बिघडलं काय? नोकऱ्या ब्रेक्झिटमुळे गेल्या की दुसऱ्याच कारणाने?

‘शून्यच राहिलं’ हे वाक्य दिसलं की मला लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण ते अर्धंच आहे. 24 डिसेंबर 2020 ला ठरलेल्या करारात शून्य शुल्क आहे ते ब्रिटन किंवा युरोपीय संघात ‘तयार झालेल्या’ मालाला. ब्रिटनच्या बंदरातून निघालेल्या प्रत्येक मालाला नाही. आणि माल तिथलाच आहे हे सिद्ध करायचं काम कारखान्याचं. संघात असताना ही भानगडच नव्हती. जपानी गिअरबॉक्स एकदा शुल्क भरून आत आला की तो ज्या गाडीत बसला ती सत्तावीस देशांत कुठेही जाऊ दे, कुणी विचारत नसे.

पेट्रोल गाडीचा हिशेब मांडू. कारखान्याच्या दारातली, म्हणजे एक्स-वर्क्स, किंमत धरायची. त्यात बाहेरचा माल 45 टक्क्यांपर्यंतच चालतो. गाडी 20,000 पौंडांची असेल तर मर्यादा 9,000 पौंड. जपानी गिअरबॉक्स, कोरियन सेन्सर, चिनी इलेक्ट्रॉनिक्स, मोरोक्कोचं वायरिंग हार्नेस असं सगळं मिळून 8,700 झालं, तर गाडी विनाशुल्क जाते. येन महागला आणि तोच माल 9,100 वर गेला, तर शुल्क वरच्या 100 पौंडांवर लागत नाही, अख्ख्या गाडीवर 10 टक्के लागतं. सुमारे 2,000 पौंड. मध्यम किमतीच्या गाडीत एवढा नफाच नसतो.

ग्यानबाची मेख पुढेच आहे. एखादा भाग बर्मिंगहॅममध्ये बनला असला, तरी पुरवठादाराचं मूळस्थानाचं डिक्लरेशन हातात नसेल तर तो बाहेरचाच धरावा लागतो. त्या पुरवठादाराला ते द्यायचं तर त्याने त्याच्या खालच्या वेंडरकडून माहिती काढायची. तिसऱ्या पायरीवरच्या, पंधरा माणसांच्या वर्कशॉपात हे करणारं कोणी नसतं, आणि ऑर्डर तिथूनच सुटायला लागते. तुर्कस्तानचा माल तर नेहमी घोटाळा करतो. त्या देशाची युरोपीय संघाशी कस्टम्स युनियन (आपसात औद्योगिक मालावर शुल्क नाही, अशी व्यवस्था) आहे म्हणून लोक तो आतला धरतात, पण ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या या करारात तो बाहेरचा आहे.

दुसरा फटका वेळेचा. होंडाने 2017 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीला आपल्या इंग्लंडमधल्या स्विंडन इथल्या मोटार कारखान्याची माहिती दिली होती. युरोपातून रोज 350 ट्रक, लाइनवर एका तासापुरते सुटे भाग. नऊ दिवसांचा साठा ठेवायचा तर सुमारे 3 लाख चौरस मीटरचं गोदाम लागेल, आणि सीमेवर 15 मिनिटांचा उशीर म्हणजे वर्षाला 8.5 लाख पौंड, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांनी जस्ट-इन-टाइम, म्हणजे साठा न ठेवता लागेल तेव्हाच भाग आणणारी, लाइन चालवली आहे त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही. एक ब्रॅकेट आला नाही तर लाइन थांबते, आणि थांबलेल्या लाइनवरच्या माणसांचा पगार चालू असतो.

तरीही नोकऱ्या लगेच जात नाहीत, आणि इथेच वाद घालणारे फसतात. करार लागू झाला त्या 1 जानेवारी 2021 ला कुलूप लागलं नाही, म्हणजे काही झालं नाही असा त्यांचा निष्कर्ष. मोटारीचं एक मॉडेल साधारण सहा-सात वर्षं चालतं. प्रेसचे डाय, वेल्डिंगची फिक्स्चर्स, रोबोंचं प्रोग्रॅमिंग हा खर्च तेवढ्या काळात वसूल करायचा असतो. म्हणून चालू मॉडेल कुणी उचलून नेत नाही. पुढचं मॉडेल कुठे टाकायचं यावर मात्र एकाच कंपनीच्या दोन-तीन कारखान्यांत चुरस असते, आणि तिथे ‘सीमा लागते’ हा एक रकाना कायमचा वाढला. सार्वमत 2016 चं, स्विंडनचं शेवटचं शटर जुलै 2021 मध्ये पडलं, ते तिथे बनणाऱ्या सिव्हिक गाडीचं मॉडेल संपल्यावर. सुमारे 3,500 थेट नोकऱ्या गेल्या.

होंडाने स्वतः कारण ब्रेक्झिट सांगितलं नाही, विजेच्या गाड्यांकडे होणारा बदल सांगितलं. ते खोटं नाही. पण युरोपीय संघ आणि जपान यांचा करार 1 फेब्रुवारी 2019 ला लागू झाला, त्यात जपानी गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार होतं, आणि 18 दिवसांनी स्विंडनची घोषणा झाली. जपानी कंपन्या ब्रिटनमध्ये आल्या त्या युरोपच्या बाजाराचं दार म्हणून. दाराला उंबरठा आला आणि जपानहून थेट वाट मोकळी झाली, तर तिथे राहण्याचं कारण उरतं किती?

गोव्याच्या वाचकांना स्विंडन नवं नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली कितीतरी गोंयकार कुटुंबं तिथे आहेत. 2020 संपण्याआधी जे तिथे स्थायिक झाले त्यांना हक्क मिळाले. नंतर जाणाऱ्यांना व्हिसा लागतो, आणि शॉप-फ्लोअरवरच्या साध्या कामाला तो जवळपास मिळतच नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर मी एकांगी लिहिलं असं होईल. होंडाने तुर्कस्तानातलं गेब्झेचं गाडी-उत्पादनही 2021 मध्येच थांबवलं, आणि तुर्कस्तान कशातूनही बाहेर पडला नव्हता. ब्रिटनचं मोटार उत्पादन 2016 च्या 17 लाखांवरून 2022 मध्ये पावणेआठ लाखांवर आलं, त्यात चिपटंचाईचा वाटा मोठा होता. निसान संडरलंडमध्ये टिकली आणि तिने गुंतवणूकही केली. 2025 मध्ये अमेरिकेने ब्रिटिश गाड्यांना 1 लाखाच्या कोट्यापर्यंत 10 टक्केच शुल्क लावलं, युरोपीय संघाला 15. एकट्याने वाटाघाटी केल्याचा तो खराखुरा फायदा.

आपल्याकडच्यांसाठी एक गोष्ट, कारण 24 जुलै 2025 च्या भारत-ब्रिटन करारानंतर चाकण-भोसरीत ‘शुल्क गेलं, आता ऑर्डरी येणार’ हेच पुन्हा ऐकू येतं. तुमचा भाग ब्रिटनमध्ये विनाशुल्क पोचेल, पण युरोपला जाणाऱ्या ब्रिटिश गाडीत तो बाहेरचाच, त्या 45 टक्क्यांतली जागा खाणारा. तिकडचा परचेसवाला पहिला प्रश्न हाच विचारणार. क्रँकशाफ्टचं (इंजिनातल्या मुख्य दांड्याचं) फोर्जिंग, म्हणजे ठोकून घडवलेला कच्चा भाग, इथून पाठवून मशिनिंग तिकडे करायचं ठरवलंत, तरी जपून. बहुतेक सुट्या भागांना नियम असा की चार आकडी एचएस कोड (कस्टम्समधला मालाच्या वर्गाचा आकडा) बदलला पाहिजे, किंवा बाहेरचा माल 50 टक्क्यांच्या आत हवा. शाफ्टचा आकार आलेलं कच्चं फोर्जिंग आणि तयार शाफ्ट दोन्ही सामान्यतः 8483 मध्येच पडतात, म्हणजे कोड बदलत नाही आणि हिशेब किमतीवर येतो. फोर्जिंग 40 पौंडांचं आणि तयार शाफ्ट 90 ला विकला, तर 44 टक्के. शाफ्ट ब्रिटिश ठरतो आणि गाडीच्या हिशेबात पूर्ण 90 आतले धरले जातात. तोच शाफ्ट 75 ला विकला तर 53 टक्के होतात, आणि शाफ्ट बाहेरचा ठरतो. कोटेशन देण्याआधी तिकडच्या मशिन शॉपची विक्री किंमत विचारून घ्या.