मुलगा नाटकाच्या ग्रुपला जातो पण स्टेजवर कधीच नसतो, मग जाऊन उपयोग काय?

हा प्रश्न पालक इतक्या वेळा विचारतात की एक केस लिहूनच टाकते, ओळख पटेल असे तपशील बदललेत. १२ वर्षांचा मुलगा, शाळेत अगदी गप्प, दर रविवारी एका संस्थेच्या फुकट नाटक-चित्रकलेच्या ग्रुपला जायचा आणि आता अचानक जायचंच नाही म्हणत होता. आई वैतागलेली. "मॅडम, सगळ्यांची मुलं स्टेजवर, आमचा मागे पडदे रंगवतो नाहीतर सामान उचलतो, कार्यक्रमाला सगळ्या नातेवाईकांना घेऊन गेलो आणि हा दिसलाच नाही, मला इतकं कसंतरी झालं ना."

बोलता बोलता कळलं की घरी एक डील झालेली, रोल मिळाला तर सायकल. शिवाय रविवारी घरात पाय ठेवला की पहिला प्रश्न, आज काय केलंस, दाखव. मुलाशी वेगळं बोलले तर तो म्हणाला, पडदा रंगवायला मजा येते, पण घरी सांगितलं की आई विचारते, रोलचं काय झालं.

बक्षिसाचं लालूच हे प्रकरण जुनंच आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निसबेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीच्या वयाच्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळात बघितलं तर ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. न सांगता दिलेल्यांचं काही बिघडलं नाही, म्हणजे कौतुक करायला कुणाचीच ना नाही, फक्त त्याचा आधी ठरवलेला सौदा नको. ती मुलं ३ ते ५ वर्षांची होती हे मान्य, पण मोठ्या मुलांतही हेच होताना मी बघते.

त्यात हे वयच अवघड. नऊ-दहानंतर मुलांना आपलं चित्र खरं दिसतंय का, आपण वेडपट तर दिसत नाही ना, याचं फार टेन्शन यायला लागतं. चांगले ग्रुप चालवणारे म्हणूनच लाइट, पडदे, आवाज अशी कामं मुद्दाम मुलांच्या हातात देतात, लाजाळू मुलाला तिथून आत शिरता येतं, संवाद पाठ न करताही तो नाटकातलाच असतो. (आणि मुलांच्या हक्कांचा १९८९ चा जागतिक करार आहे ना, त्याच्या कलम ३१ मध्ये कलेत भाग घेणं हा हक्क म्हणून आहे, टॅलेंट असेल तर, अशी अट नाही.)

आईला म्हटलं, सायकल आता घेऊनच टाका ताई, शब्द दिलाय तुम्ही, पण नाटकाशी तिचा काही संबंध नाही हे त्याला स्पष्ट सांगा. आणि दाखव म्हणण्याऐवजी, आज कोण कोण आलं होतं, एवढंच विचारा. दुसरं तिला जास्त जड गेलं, सवय होती ना. पण मुलगा परत जायला लागला, पुढच्या नाटकात लाइट त्याच्याकडे होते आणि तिथल्या एका मुलाशी आता फोनवर तासभर बोलतो. स्टेजवर अजून आलेला नाही. आईला थोडं वाईट वाटतंच, तसं ती मोकळेपणाने म्हणते.

मूल नको म्हणालं की दरवेळी ढकलायचं असं मात्र नाही हं. तिथला कुणी मोठा माणूस अपमान करत असेल, मुलाला एकट्याला बाजूला घेत असेल, न विचारता फोटो टाकत असतील तर लगेच बंद करा आणि संस्थेत जाऊन बोला. झोप, जेवण, शाळा सगळंच बिघडलं असेल तर रविवारच्या ग्रुपवर ती जबाबदारी टाकू नका, तो उपचार नाही, त्यासाठी समुपदेशकाला वेगळं भेटा. आणि तो फक्त कंटाळला असेल तर नाटक सोडून तबला घेऊ दे की.