फोमच्या भोकांत हवा घसरते का?

प्रश्न : आम्ही माजिवड्याला राहतो, हायवे अगदी खिडकीखाली. मी घरून ऑनलाइन तबला शिकवतो म्हणून भिंतींना दोन इंची फोम लावला. आता खोली घुमत नाही पण ट्रकची घरघर येतेच. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, ती म्हणते सच्छिद्र वस्तूत हवा मागेपुढे होताना भोकांच्या भिंतीवरून घसरली तर सगळं गणित बदलतं. मग फोमवर सिलिकॉन स्प्रे मारू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : स्प्रे आधी खाली ठेवा दादा!

मुलगी बरोबरच बोलतेय, फक्त ते तुमच्या फोमला लागू होत नाही. स्टीलच्या पेल्यात पाणी घ्या, वर चिमूटभर चहा पावडर टाका आणि पेला जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे फिरवा, सेकंदाला एकदा वगैरे. कडेची पावडर पेल्याबरोबर जाते, मधली ढिम्म हलत नाही, कारण पाणी भिंतीला चिकटून असतं आणि तिची ओढ आत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर पोचते. फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती हेलकावे) वाढली की हा थर अजून पातळ. हवेचंही तेच, सेकंदाला १००० हेलकाव्यांच्या आवाजाला थराची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर. याच थरात घर्षण होऊन आवाजाची उष्णता होते, फोम आवाज खातो तो असा.

आता घसरण. भिंतीला न चिकटता थोडं सरकत जाणं, १८२३ मध्ये नाविए या फ्रेंच इंजिनिअरने हे गणितात आणलं. घसरण किती ते घसरण-लांबीने मोजतात, म्हणजे भिंतीच्या किती आत गेल्यावर वेग शून्य झाला असता ते अंतर. हवेत ही घसरण-लांबी साधारण ०.०७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे वरच्या थराचा हजारावा हिस्सा आणि फोमची भोकं तर त्या थराहून मोठी! त्यामुळे फरक शून्यातच जमा. शिवाय हवेची घसरण मुख्यतः रेणू दोन टकरींमध्ये किती लांब जातो त्यावर ठरते, स्प्रेने काय होणार.

भोकाची त्रिज्या १ मायक्रॉन असेल तर मात्र खेळ वेगळा, तिथे वायू साधारण पावपट जास्त निसटतो. १९४१ मध्ये क्लिंकेनबर्ग या संशोधकाने खडकाच्या नमुन्यांत हेच पाहिलं, तोच खडक द्रवापेक्षा वायूला जास्त सहज वाट देतो. अशा बारीक भोकांत हेलकावे सावकाश असतील तोवर घसरण-लांबीची तुलना भोकाशी करायची आणि फार जलद झाले की त्या पातळ थराशी, आणि घसरण असली की हवेचं जडत्व जरा कमी फ्रिक्वेन्सीलाच घर्षणावर वरचढ होतं. मुलीला हे नक्की सांगा, प्रोजेक्टला विषय मिळेल.

आणि गंमत बघा, घसरण म्हणजे घर्षण कमी, म्हणजे स्प्रेने खरंच काही झालं असतं तर तुमचं नुकसानच झालं असतं.

तुमची अडचण साधी आहे. १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० हेलकावे) खर्जातल्या आवाजाची लाट ३.४ मीटर लांब आणि फोम भिंतीला चिकटलेला, तिथे हवा हलतच नाही मग घर्षण कुठून होणार? मागे चारेक इंच फट सोडा, डग्ग्याचा घुमारा थोडा आटोक्यात येईल. ट्रकसाठी मात्र खिडकीच्या फटींना रबरी पट्टी बसवा, बाहेरचा आवाज अडवणं हे फोमचं काम नाहीच, दुकानदार काहीही सांगो.