फ्रेशर आहे, फ्रंटएंडची नोकरी शोधतोय. पोर्टफोलिओ वेबसाइटवर काय ठेवू?

होस्टिंगला आत्ताच पैसे घालू नका. गिटहबवर (कोड ठेवायची साइट) ‘तुमचं-युजरनेम.गिटहब.आयओ’ नावाची पब्लिक रिपॉझिटरी, म्हणजे प्रोजेक्टचं फोल्डर, काढून त्यात इंडेक्स.एचटीएमएल टाका, गिटहब पेजेस ती फुकट दाखवतं. फक्त स्टॅटिक साइट चालते, म्हणजे तयार पानं जशीच्या तशी दाखवणारी; सर्व्हरवर चालणारं पीएचपी नाही.

आता खरा मुद्दा. कौशल्य दाखवणारे ‘जावास्क्रिप्ट ८५%’ असले पट्टे असतील तर काढून टाका. पंच्याऐंशी टक्के, पण कशाच्या? त्यापेक्षा तीनच प्रोजेक्ट ठेवा आणि प्रत्येकाखाली चार ओळी लिहा: अडचण काय होती, तुम्ही काय केलंत, कुठे अडलात. ट्यूटोरियल बघून केलेली टू-डू लिस्ट सगळ्यांकडे असते. काकांच्या किराणा दुकानाचं उधारीखातं केलं असेल, तर ते सगळ्यात वर. चालू डेमो आणि कोड, दोन्हींच्या लिंक द्या. ग्रुप प्रोजेक्टमधला तुमचा वाटा स्पष्ट सांगा, मुलाखतीत हमखास विचारतात.

साइट मोबाइलवर उघडून बघा, क्रोममधलं लाइटहाउस (साइटचा वेग आणि दर्जा तपासणारं टूल) एकदा चालवा. ईमेल सहज दिसेल असा ठेवा. नुसत्या संपर्क फॉर्मवर राहू नका, स्टॅटिक साइटवर तो बाहेरच्या सेवेशिवाय चालत नाही. आणि हो, रेझ्युमेची पीडीएफ चढवण्याआधी त्यातला घरचा पत्ता काढा.