आजोबांची .३०३ रायफल माळ्यावर सापडली, आता काय करू?

प्रश्न : वकीलसाहेब, सादर नमस्कार. आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि २००३ साली वारले. गेल्या वर्षी वडीलही गेले. दोन महिन्यांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या घराचा माळा रिकामा करताना लोखंडी ट्रंकेत आजोबांची .३०३ रायफल, सतरा काडतुसं आणि २००२ पर्यंत नूतनीकरण झालेला परवाना मिळाला. रायफलीवर मुकुट, ‘जी. आर. आय.’, इशापूर आणि १९४२ असं कोरलेलं आहे. जुन्या लष्करी शस्त्रांची मला लहानपणापासून आवड. आमचा सात-आठ मित्रांचा गट आहे, काहींकडे परवान्याच्या जुन्या बंदुका आहेत. दिवाळीनंतर एकाच्या शेतावर जमून ही रायफल चालवून बघायचा बेत आहे. एक मित्र म्हणतो, ही ॲंटिक आहे, हिला परवाना लागत नाही. दुसरा म्हणतो, फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी टाचणी) काढून ठेव, मग काही होत नाही. तिसरा दोन लाख रुपये रोख द्यायला तयार आहे. मला ती विकायची नाही. मी काय करावं?

उत्तर : शेतावरचा बेत आजच रद्द करा आणि रायफल आहे तिथून हलवू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आधी करा.

आता तुमच्या मित्रांचे सल्ले एकेक करून पाहू. तिघांचाही हेतू चांगलाच असेल, पण तिघांच्याही सल्ल्याचा शेवट कोर्टात होतो.

‘ॲंटिक आहे’ हा समज जुन्या शस्त्रांच्या शौकिनांमध्ये फार खोलवर रुजलेला आहे आणि त्याला थोडासा आधारही आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५(क) मध्ये जुन्या धाटणीच्या, पुरातन मूल्य असलेल्या किंवा मोडकळीला आलेल्या शस्त्रांना कायद्यातून सूट दिली आहे. लोक इथपर्यंत वाचतात आणि थांबतात. त्याच वाक्यात पुढे अट आहे : असं शस्त्र दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीशिवाय, कोणत्याही प्रकारे बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसलं पाहिजे. म्हणजे वय किती, शिक्का कोणता, लढाई कोणती, याला महत्त्व नाही. गोळी सुटते का किंवा दुरुस्तीनंतर सुटेल का, एवढाच प्रश्न आहे. तुम्ही स्वतःच लिहिलं आहे की ती चालवून बघायची आहे. म्हणजे सवलतीच्या कलमातून तुम्ही तुमच्याच पत्राने बाहेर पडलात.

पिन काढण्याच्या सल्ल्याचंही उत्तर यातच आलं. पिन परत बसवता येते, बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) दुसरा मिळतो. ‘दुरुस्तीसह’ हा शब्द कायद्यात नेमका अशाच युक्त्यांसाठी आहे. बोल्ट एकाच्या घरी आणि रायफल दुसऱ्याच्या घरी ठेवण्याची कल्पना तर त्याहून वाईट, कारण शस्त्राचे भागही कायद्याने शस्त्रातच मोडतात. एका आरोपीऐवजी दोन होतील. नळीत वेल्डिंग करून ती कायमची निकामी करण्याचा विचार कुणी सुचवला तर तोही ऐकू नका. शस्त्रात बदल करायला वेगळा परवाना लागतो. शिवाय आजोबांची वस्तू विनाकारण नासवल्याचं दुःख पुढे तुम्हालाच होईल.

२०२० साली नियमांत दुरुस्ती झाली आणि ‘क्युरिओ’, म्हणजे संग्रही ठेवण्याजोग्या जुन्या वस्तूंच्या वर्गातली काही शस्त्रं बाळगायला परवान्याची गरज राहिली नाही, हेही मित्रांनी ऐकलं असेल. ते खरं आहे. पण त्याच दुरुस्तीत असंही आहे की असं शस्त्र वापरायला, सोबत न्यायला किंवा वाहून न्यायला परवाना लागतोच आणि परवान्याशिवाय त्यासाठी काडतुसं विकता येत नाहीत. तुमची रायफल त्या वर्गात बसते की नाही, हे मित्रांनी गप्पांत ठरवायचं नसतं. ते परवाना प्राधिकरणासमोर मांडायचं असतं, आणि तेही शस्त्र कायदेशीर ताब्यात असताना.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती सगळ्यात मोठी आहे. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत .३०३ आणि ७.६२ मिमीच्या रायफली, मग त्या बोल्ट ॲक्शनच्या का असेनात, साध्या शिकारी बंदुकांपेक्षा वेगळ्या वर्गात ठेवल्या आहेत, कारण त्यांत सैन्याची काडतुसं बसतात. जुन्या लष्करी रायफलींपासून बनवलेल्या .४१० मस्केटही त्याच वर्गात आहेत. बोलीभाषेत आपण त्याला ‘पी. बी.’, म्हणजे प्रोहिबिटेड बोअर (प्रतिबंधित नळी-मापाचं शस्त्र) म्हणतो. या वर्गाचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत. तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. पोलीस अशा प्रकरणात कलम २५(१-अ) लावण्याचा प्रयत्न करू शकतात. ते प्रतिबंधित शस्त्रांचं कलम आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात किमान सात आणि कमाल चौदा वर्षं शिक्षा आहे. बोल्ट ॲक्शन रायफलीला ते लागू होत नाही, असा युक्तिवाद करता येतो आणि तुमचा वकील तो करेलच. पण तो जामिनाच्या अर्जावर करायची पाळी का आणायची?

साधं विनापरवाना बाळगणं कलम २५(१-ब) खाली येतं. २०१९ पूर्वी त्यात एक ते तीन वर्षं शिक्षा होती. आता किमान दोन, कमाल पाच वर्षं आणि दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

आता त्या दोन लाखांबद्दल. हा सल्ला ऐकायला सगळ्यात निरुपद्रवी वाटतो. खरं तर तिघांत तोच सगळ्यात घातक आहे. साध्या विनापरवाना बाळगण्याची कमाल शिक्षा पाच वर्षं. परवान्याशिवाय विकण्याची किमान शिक्षा सात वर्षं आणि कमाल जन्मठेप. शस्त्र कायदेशीरपणे आपल्या नावावर असणाऱ्या माणसालाही ते दुसऱ्या परवानाधारकाला विकताना जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. तुमच्या नावावर तर काहीच नाही. घेणाऱ्या मित्राकडे तीन परवाने असले तरी तो हे शस्त्र तुमच्याकडून थेट घेऊ शकत नाही, आणि घेतलं तर तोही आरोपी. त्याला तुमच्याविषयी खरंच आपुलकी असेल तर त्याने हा विषय पुन्हा काढू नये, असं त्याला स्पष्ट सांगा.

तुमची स्वतःची स्थिती मात्र वाटते तितकी वाईट नाही. वडिलांनी वीस वर्षं काही केलं नाही, याचा गुन्हा तुमच्या माथी येत नाही. ‘ताबा’ म्हणजे जाणिवेने असलेला ताबा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात सांगितलं आहे. ट्रंक उघडेपर्यंत तुम्हाला ती जाणीव नव्हती. उघडल्यापासून आहे. त्यामुळे गेले दोन महिने एवढाच तुमचा प्रश्न आहे आणि तो दर आठवड्याला वाढतो आहे.

यातून बाहेर पडायची वाट कायद्यातच आहे : कलम २१. कोणत्याही कारणाने शस्त्र बाळगणं बेकायदा झालं, तर ते विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं. जमा केल्यावर तुमचा त्यावरचा हक्क लगेच संपत नाही. ठरलेल्या मुदतीत तुम्ही परवाना मिळवलात तर शस्त्र परत घेता येतं, किंवा ते घ्यायला पात्र असलेल्या दुसऱ्याला देता येतं. मुदत उलटली आणि तुम्ही काहीच केलं नाही, तरच ते सरकारजमा होतं. जमा करणं म्हणजे गमावणं, ही भीती तुमच्या पत्रात जाणवते. ती मनातून काढून टाका.

विक्रेत्याकडे जाऊ नका, पोलीस ठाण्यातच द्या. पी. बी. शस्त्राच्या बाबतीत मला तेच सुरक्षित वाटतं. रायफल गाडीच्या डिकीत घालून ठाण्याकडे निघू नका. वाटेत नाकाबंदी लागली तर ‘जमाच करायला निघालो होतो’ हे सांगणारे तुम्ही पहिले नसाल. आधी स्थानिक वकिलाला सोबत घेऊन ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे लेखी अर्ज द्या. अर्जात साधं, खरं आणि तारखांसह लिहा : आजोबा कोण, त्यांचा परवाना क्रमांक काय, ते केव्हा वारले, वडील केव्हा वारले, ट्रंक कोणत्या दिवशी उघडली, त्यात काय मिळालं. दोन महिने का लागले, तेही लपवू नका. त्याची एक प्रत जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या आणि दोन्ही प्रतींवर आवक शिक्का घ्या. कलम २१ खाली शस्त्र घरून ताब्यात घेण्याची विनंती अर्जातच करा. कर्मचारी घरी येऊन पंचनामा करतील. त्यात रायफलीचा क्रमांक, बोअर, बोल्टवरचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या तुमच्यासमोर लिहून घ्या. सतरा म्हणजे सतरा. पंचनाम्यात आणि पोहोचेवर शस्त्र ‘जमा’ केल्याची नोंद हवी, ‘जप्त’ केल्याची नव्हे. जप्ती गुन्ह्यात होते, जमा तुम्ही स्वतःहून करता. सही करण्याआधी तेवढं वाचा आणि चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

त्या अर्जाचं महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. कलम ३ च्या, म्हणजे परवान्याशिवाय बंदूक न बाळगण्याच्या नियमाच्या, भंगाबद्दल खटला चालवायचा तर कलम ३९ नुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. फाइल त्यांच्यासमोर जाईल तेव्हा वरच्या पानावर काय असेल, याला फार महत्त्व आहे. नातवाने स्वतःहून दिलेला अर्ज, आजोबांचा जुना परवाना आणि दोन मृत्युदाखले असतील, तर खटल्याला मंजुरी मागण्याची वेळ सहसा येत नाही. शेजाऱ्याच्या तक्रारीवरून पडलेला छापा असेल, तर चित्र उलटं.

काडतुसांना हात लावू नका. इतकी जुनी काडतुसं कधी अजिबात उडत नाहीत, तर कधी चाप ओढल्यावर नुसता खट्ट आवाज येतो आणि क्षणभराने, नळी भलतीकडे वळवल्यावर, ती उडतात. शेतावर माणसं नेमकी याच क्षणी बोल्ट उघडून डोकावतात. आणि .३०३ ची गोळी चुकली तर दोन किलोमीटरच्याही पुढे जाते. तेवढ्या अंतरात कुणाची वस्ती नाही असं शेत आपल्याकडे कुठे आहे? कायद्याचा विषय सोडला तरी एवढ्यासाठी मी तुम्हाला अडवलं असतं.

शस्त्र जमा झालं की वारस म्हणून परवान्याचा अर्ज करा. शस्त्र नियम, २०१६ च्या नियम २५ मध्ये मृत परवानाधारकाच्या वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. वारस दाखला, आजोबांचा मूळ परवाना, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि तुमच्या आत्यांसह सगळ्या वारसांची ना-हरकत शपथपत्रं लागतील. आत्यांशी आधी स्वतः बोला, नुसता कागद सहीला पाठवू नका. अशी प्रकरणं कित्येकदा पोलिसांमुळे नाही, भावकीतल्या नाराजीमुळे अडतात. २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने मिळालेलीही त्यातच मोजली जाते. तुमच्या गटात कुणी अजून तीन बाळगून असेल, तर तिसरी जमा करण्याची मुदत २०२० च्या डिसेंबरमध्येच संपली आहे, हे त्याला आजच कळवा.

पी. बी. असल्याने अर्ज दिल्लीपर्यंत जाईल आणि मंजूर होईलच असं मी म्हणणार नाही. माझ्या मते शक्यता कमी आहे. अर्ज नाकारला गेला तर रायफल सरकारजमा होऊ देण्यापेक्षा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा. तिथल्या संग्रहासाठी ती देता येईल का, ते मुदत संपण्याआधी विचारा, आणि त्या पत्रव्यवहाराची प्रत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे द्या.

राहिला तुमच्या छंदाचा प्रश्न. तो मला अजिबात गौण वाटत नाही. पण एक गैरसमज दूर करायला हवा : मित्राची बंदूक परवान्याची असली, तरी ती तुम्ही चालवणं आपोआप कायदेशीर होत नाही. कलम ३ मधली सवलत परवानाधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकाराने शस्त्र सोबत नेण्यापुरती आहे, आणि तीही दुरुस्ती, नूतनीकरण किंवा त्या परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. ‘दोन गोळ्या तूही मार’ हे त्यात बसत नाही. शेतावर जमून आळीपाळीने चालवली, तर परवाना असलेल्या मित्राचा परवाना रद्द होऊ शकतो आणि तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. शेत अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत असेल तर वन्यजीव कायद्याखाली शस्त्रांच्या नोंदणीचा वेगळा नियम आहेच.

तुमच्या जिल्ह्यातल्या किंवा पुण्यातल्या मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सदस्यत्व घ्या. .२२ रायफलीवर नेमबाजीच्या सरावासाठी मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्यांना कायद्यानेच वेगळी, सोपी वाट दिली आहे. परवानाप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीत, तुमचा सगळा गट एकत्र जमू शकतो. सुरुवातीला .१७७ बोअरची, २० जूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल घ्यायला परवानाही लागत नाही. प्रशिक्षणाचं जे प्रमाणपत्र तुम्हाला वारसाच्या अर्जासाठी लागणार आहे, त्याचीही चौकशी त्याच क्लबात करा. म्हणून क्लबचा फॉर्म पोलीस ठाण्याच्या अर्जासोबत, याच आठवड्यात भरा.